पाडव्यानंतरची छाटणी

अण्णा, आज पाचवी संध्याकाळ. सात वाजेपर्यंत मी बागेत हौदाजवळच्या बाकावर बसून होते. भोरड्या आल्या नाहीत. साळुंक्यांची नेहमीची भांडणं झाली, चार कावळे येऊन गेले, वॉचमननं शिट्टी वाजवली तेव्हा उठले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले.

भोरड्या दर वर्षी जातातच, मग हिलाच यंदा काय झालं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. साळुंकीएवढे पक्षी, अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतात, थंडीभर शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानांत खातात आणि उन्हं चढली की उत्तरेला, पार मध्य आशियात, अंडी घालायला निघून जातात. जाण्याआधी तीनेक आठवडे त्यांचे थवेच्या थवे सांगलीत, आपल्या नदीकाठच्या बागेत, विलायती शिरीषाच्या तीन झाडांवर मुक्कामाला येतात. त्यांचा हा प्रवास मी चौतीस वर्षं शाळेत मुलींना नकाशावर बाण काढून शिकवला. बाणाच्या या टोकाला, आपल्याच गावात, काय घडतं ते मात्र निवृत्त झाल्यावर तुमच्याकडून शिकले. तुम्ही बागेतले माळी आणि मी भूगोलाची बाई, आणि परीक्षा कायम माझीच.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी वही घेऊन बसले होते, शंभराचा एक ठोकळा धरून थवे मोजत होते, आणि खुशीत येऊन मोठ्यानं म्हणाले, "चार हजार!" तुम्ही मागं पाण्याची पाइप धरून उभे होतात.

"मोजू नगा, बाई."

"का?"

"मोजली की कमी हुत्यात."

मी तापलेच. सुशिक्षित माणसानं संध्याकाळी बागेत बसून हे ऐकायचं? तुम्ही शांतपणे पाइप खाली ठेवलीत आणि सांगितलंत की जतच्या पलीकडं तुमच्या घरी मेंढरं होती, पण तुमच्या आज्यानं ती जन्मात कधी मोजली नाहीत. संध्याकाळी मेंढरं आत घेताना तो दारात उभा राहायचा आणि नुसता बघायचा. "आकडा न्हाई वं घ्यायचा. कोन आलं न्हाई, त्येवढं बगायचं." मी विचारलं, चार हजारांत कोण आलं नाही हे तुम्हाला कळतं? तुम्ही म्हणालात, "न्हाई कळत. पर म्हनून मोजायचं व्हय?" मी वही उघडीच ठेवली आणि पुढची नऊ वर्षं मोजतच राहिले.

त्या लंगड्या परटाचं आठवतं? हिरवळीवर शेपूट हलवत फिरणारा तो एवढासा पक्षी, एका पायाला गाठ आलेली. सलग तीन हिवाळे तुम्ही मला लांबून हाक मारलीत, "बाई, आपला लंगडा आला." मी दर वेळी सांगितलं की पायात कडं घातल्याशिवाय तो तोच आहे हे सिद्ध होत नाही. तिसऱ्या वर्षी तुम्ही कंटाळून म्हणालात, "मग ह्यो कोन, त्येचा भाऊ?" मी हसले नाही. घरी येऊन मात्र खूप हसले. तेव्हाच तुमच्यासमोर हसायला हवं होतं. चौथ्या वर्षी तो आला नाही आणि तुम्ही आठवडाभर माझ्याशी त्या विषयावर बोललाच नाहीत. मी मेली वहीत "परीट, एक कमी" असं लिहून मोकळी झाले.

लहानपणी तुम्ही याच भोरड्यांच्या मागं गोफण घेऊन धावायचात. शाळवाच्या रानात राखणीच्या माळ्यावर उभं राहून दिवसभर दगड भिरकावून खांदा उतरायचा म्हणे. आणि आता त्यांच्यासाठी सगळ्या बागेशी वैर. मी एकदा विचारलं, हे प्रायश्चित्त की काय? तुम्ही केवढे हसलात. "कसलं वं प्रायश्चित्त! तवा आमचं पोट हुतं रानात. बागंला पोट हाय व्हय?" माझ्या आयुष्यात इतकं सरळ बोलणारी माणसं फार आली नाहीत, अण्णा. शाळेत तर एकही नाही.

हे सगळं लिहिते आहे कारण पुढचं लिहायला हात उठत नाही.

अर्ज मी लिहिला. तुम्हाला ते माहीत होतं, तरी मला एकदा ते माझ्या तोंडानं म्हणायचं आहे. गेल्या वर्षी भोरड्यांच्या दिवसांत शकुंतलाताई शिरीषाखालच्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडलं. फरशीवर पक्ष्यांच्या विष्ठेचा थर होता. सकाळच्या फिरणाऱ्यांचा आमचा गट खवळला. फांद्या छाटा, पाखरं हटवा, महापालिकेला अर्ज द्या. आणि अर्ज कुणी लिहायचा? ज्यांचं अक्षर चांगलं त्या बाईंनी. मी नको नको म्हटलं, पण खरं सांगते, फार नाही म्हटलं. शकुंतलाताईंचा गळ्यात बांधलेला हात समोर होता. आणि मला वाटलं, मी लिहिलं तर निदान पाखरांचं नुकसान होणार नाही असं लिहीन. तेवढी हुशारी माझ्या अंगात आहेच, असा माझा समज.

म्हणून मी लिहिलं: "छाटणी पाडव्यानंतर करावी." वही काढून बघितलं होतं. मागची दोन्ही वर्षं पाडवा आला तेव्हा झाडं रिकामी झालेली होती. सगळं गाव पाडव्यानं उन्हाळा मोजतं, तसंच मीही लिहिलं. सूर्याचं वर्ष वेगळं आणि चंद्राचं वेगळं, अधिक महिना का येतो, सण मागं-पुढं का सरकतात, हे सगळं फळ्यावर आकृती काढून शिकवणारी मी. अर्ज वर्षभर ऑफिसात पडून राहिला आणि यंदा अधिक महिना पाडव्याच्या पुढं पडला, म्हणून पाडवा कितीतरी लवकर आला. पंचांग भिंतीवर होतं. मी बघितलं नाही. त्यात पावसानं पेरा लांबलेला, म्हसवडला तुमच्या सासुरवाडीला अजून शाळू उभा. खायला आहे तोवर पाखरं थांबणार, हे तुमच्या घरच्या लहान पोरालाही कळलं असतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली आणि शनिवारी संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात आलात. नऊ वर्षांत पहिल्यांदा. चपला लांब काढल्यात, बसा म्हटलं तरी बसला नाहीत.

"बाई, कागुद मागं घ्या."

"अण्णा, असा मागे नाही घेता येत. ऑफिसात गेलाय तो."

"मग दुसरा द्या. आट-धा दिस थांबा म्हनावं. पाखरं अजून खात्यात, अंगावर माया, चरबी, चडाय लागलीया. जायाची हायत, पर अजून न्हाई."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत, जे नऊ वर्षांत कधी बोलला नव्हतात. जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला कळतं. दर वर्षी कळतं. मी विचारलं कसं. थव्याच्या फिरण्यावरून, की बसण्यावरून, की आवाजावरून?

"सांगून न्हाई यायचं. सांजंला या बागंत, दावतो. त्या दिशी साहेबांस्नी मीच सांगीन, आता काडा फांद्या."

मी म्हणाले, "मी सोमवारी ऑफिसात जाते." तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला. तुम्ही चहासुद्धा घेतलात, उभ्यानं. जाताना म्हणालात, "लय उपकार झालं बगा."

याच बोलण्यात दुसरीही एक गोष्ट कळली. मी म्हणाले की फरशी घसरडी होते हे तर खरं ना. तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "धा दिस रजेवर हुतो तवा. लेकीचं लगीन." मला काही समजेना. मग हळूहळू उलगडलं. भोरड्या आल्या की तुम्ही रोज पहाटे पाचला येऊन ती फरशी धुऊन काढायचात, आम्ही साडेपाचला यायच्या आत. आठ वर्षं. कुणी तक्रार करू नये म्हणून. आम्ही त्या स्वच्छ फरशीवरून हात हलवत चालायचो आणि निसर्गावर बोलायचो. फक्त त्या दहा दिवसांत धुतली गेली नाही आणि शकुंतलाताई पडल्या. अण्णा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? एकदा, एका वाक्यात सांगितलं असतंत तर माझ्या हातानं तो अर्ज झाला नसता. तुमच्यावर मला याचा राग आहे. तो गेलेला नाही, तुम्ही गेलात तरी.

सोमवारी मी ऑफिसात गेले नाही.

कारण सांगते. लाज वाटली. आपल्याच अक्षरात लिहिलेल्या अर्जाविरुद्ध आपणच अर्ज कसा द्यायचा? गटातली मंडळी काय म्हणतील, बाई म्हातारपणी चळल्या. मी चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा मायना चुकला म्हणून फाडला. चौतीस वर्षं मुलींच्या वह्यांत तांबड्या शाईनं चुका दाखवणाऱ्या बाईला स्वतःची एक चूक लिहून देता येईना. आणि संध्याकाळी बागेतही आले नाही, रविवारीही नाही आणि सोमवारीही नाही, कारण तुम्ही विचारलं असतंत. वॉचमननं मागाहून सांगितलं, दोन्ही दिवस तुम्ही अंधार पडेस्तोवर बाकापाशी उभे होतात. "बाई यायच्या हायत," म्हणालात त्याला.

मंगळवारी तुम्ही भावाच्या शाळवाच्या खळ्यासाठी गावाला गेलात, हे मला मागाहून कळलं. बुधवारी मी अखेर अर्ज लिहिला, पिशवीत घातला आणि तुम्हाला दाखवून मगच ऑफिसात जावं म्हणून आधी बागेत आले. वॉचमन फाटकातच उभा होता. म्हणाला, "बाई, अण्णा गेला. फाटंचंच, झोपंतच." मी पिशवीतला कागद काढून त्याच्या हातात दिला. का दिला कोण जाणे. त्यानं तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐका, आणि हसायचं तर हसा. त्याच दिवशी ऑफिसात गेले. साहेब भला माणूस. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून म्हणाला, "मॅडम, अक्षर एकच आहे की." मी त्याला अधिक महिना समजावला. टेबलावर पेपरवेट ठेवून पृथ्वी फिरवून दाखवली. तो म्हणाला, सगळं पटतं, पण शिडीची गाडी या पंधरवड्यापुरतीच मिळाली आहे आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर जबाब त्याला द्यावा लागेल. तरी त्यानं पुढच्या बुधवारपर्यंत मुदत दिली. गटातल्या एकेकीच्या घरी गेले, सह्या मागितल्या. शकुंतलाताईंनी डाव्या हातानं सही केली, मनगट अजून दुखतं म्हणून. बाकी कुणी केली नाही. आणि रोज संध्याकाळी बागेत बसले, डोळे फाडफाडून बघितलं. आज थवा उंच फिरला. आज आवाज जास्त. आज उशिरा बसल्या. यातली खूण कुठली, अण्णा? मी सगळं वहीत लिहिलं. आठ पानं भरली आणि त्यांतून मला काहीही कळत नाही.

बुधवारी गाडी आली. मी तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या झाडाखाली जाऊन बसले. तुमच्याबरोबर काम करणारी माणसं मला उठवायला धजेनात. एकजण जवळ येऊन म्हणाला, "बाई, अण्णानं आमालाबी सांगितलं हुतं. पर हुकूम हाय वं." त्यांनी पहिली दोन झाडं दुपारपर्यंत बोडकी केली. तिसरं उद्या करू म्हणाले आणि गेले. करवतीचा आवाज चालू होता तेव्हा मी तिथंच होते. उठून हात का धरला नाही त्यांचा, हे रोज स्वतःला विचारते.

त्या संध्याकाळी भोरड्या आल्या. आपल्या नेहमीच्या वेळी, उसाच्या पट्ट्याकडून. पहिल्या झाडावर उतरायला म्हणून खाली झुकल्या आणि तशाच वर गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा वर गेल्या. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पहिल्यांदाच मोजलं नाही. शेवटी अंधारात सगळ्या त्या एका झाडावर दाटीवाटीनं बसल्या आणि रात्र पडली तरी त्यांचा कलकलाट थांबेना. वॉचमननं मला हाताला धरून बाहेर काढलं. पहाटे पाचला मी परत आले तेव्हा झाड रिकामं होतं. फरशी भरलेली होती. हौदावरची बादली आणि खराटा घेतला आणि मला जमेल तशी ती धुतली. दुपारी फोन आला, गाडी दुसरीकडं न्यावी लागली, तिसरं झाड पुढं कधीतरी. ते झाड अजून उभं आहे. पूर्ण आहे. आणि त्यावर कुणी येत नाही.

त्या गेल्या, की आम्ही घालवल्या? एवढं एकच मला कळायला हवं आहे. ती जायचीच वेळ होती, अंगावर पुरेशी माया चढली होती, आणि झाडं तुटली काय न तुटली काय, त्या त्याच पहाटे निघणारच होत्या? की अर्ध्या पोटी, भेदरून, काही दिवस आधीच हजारो मैलांच्या वाटेला लागल्या? मधल्या दोन संध्याकाळी मी रिक्षा करून शहरातली प्रत्येक बाग पालथी घातली, मिरजेपर्यंत जाऊन आले. कुठं चार-दोन दिसल्या असत्या तरी कळलं असतं की त्या अजून इथंच आहेत. एकही दिसली नाही. आणि यावरून दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. आदल्या संध्याकाळी त्यांच्यात ती खूण होती का, हे बघणारं बाकापाशी कुणी नव्हतं. मी होते, पण मी असून नसल्यासारखीच.

आता आज सकाळचं. तुमच्या तेराव्याला मी तुमच्या गावाला गेले होते. एसटीनं, जतमध्ये गाडी बदलून. तुमचं घर पहिल्यांदा बघितलं. अंगणात शाळवाची कणसं पसरलेली होती आणि तुमचा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होता. तुमच्या कारभारीण सोनाबाई आत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, मी कोण हे सांगावं लागेल. त्यांनी लांबूनच ओळखलं. "बाई आल्या," म्हणाल्या आणि शेजारी जागा केली. जेवणाचा आग्रह झाला, कोण कुठल्या गाडीनं आलं ते झालं. मग त्यांनी माझा हात धरला.

"बाई, पाखरं गेली का वं नीट?"

मी दारातून अंगणातल्या कणसांकडं बघितलं. त्याच पुढं म्हणाल्या,

"मंगळवारी जेवताना म्हनले, औंदा मला घोर न्हाई. बाई सोमवारी हापिसात जाऊन आल्या. आता बाई बगत्यात, आपुन खळं उरकू. लय बरं वाटत हुतं त्यास्नी. लय दिसांनी दोन भाकरी खाल्ल्या."

तुम्ही मला विचारलंही नाहीत, अण्णा. मी जाते म्हणाले म्हणजे मी गेलेच, असं धरून तुम्ही गाडीत बसलात. तुमचा शेवटचा दिवस निर्धास्त गेला तो माझ्या एका न पाळलेल्या शब्दावर. याचं मला समाधान वाटावं की जीव द्यावासा वाटावा, हे मला अजून कळत नाही. त्या बाईच्या डोळ्यांत बघून मी म्हणाले, "गेली. पहाटे गेली. अगदी नीट गेली."

सोनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग वळल्या आणि कोनाड्यातल्या तुमच्या फोटोला म्हणाल्या, "आवं, ऐकलंसा का? पाखरं गेली म्हनं नीट. बाईंनी स्वता बगितलं."

नऊ वर्षं मी तुमच्याशी रोज भांडले, अण्णा, पण खोटं कधी बोलले नव्हते. ते आज बोलले, तुमच्याच घरात, तुमच्या समोर. आणि खरं काय ते मला सांगू शकणारं माणूस त्या फोटोत होतं.